घरकाम, मुले आणि नोकरी: नवरा-बायकोतील वाटणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोण किती राबते, हे कोणी मोजले आहे का?

होय. 1998-99 मध्ये देशातील सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली होती, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाची पहिली पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केली आणि दुसरी 2024 मध्ये. दोन्ही वेळा सुमारे 1 लाख 39 हजार कुटुंबांकडून आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंतचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत भरून घेण्यात आला. 2019 च्या पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी 81.2 टक्के जणींनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केले होते, तर पुरुषांपैकी 26.1 टक्के जणांनी. असे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा सरासरी वेळ 299 मिनिटे आणि पुरुषांचा 97 मिनिटे होता. 2024 मध्ये हेच आकडे 289 आणि 88 झाले.

येथे वाचकाची फसगत होण्याची एक जागा आहे. 97 मिनिटे ही सर्व पुरुषांची सरासरी नाही. ज्या चौथाई पुरुषांनी त्या दिवशी घरात काही ना काही केले, केवळ त्यांचीच ती सरासरी आहे, आणि उरलेल्या तीन चतुर्थांशांच्या नावापुढे शून्य आहे. सर्व पुरुषांमध्ये वाटून पाहिले तर वाट्याला सुमारे 25 मिनिटे येतात आणि सर्व स्त्रियांमध्ये वाटून पाहिले तर सुमारे 243. मथळ्यात तिप्पट दिसणारे अंतर प्रत्यक्षात जवळजवळ दहापट असते. हे आकडे फक्त विवाहितांचे नाहीत, त्यांत शाळकरी मुलेही आली, हे मान्य. परंतु 15 ते 59 या वयोगटापुरते पाहिले तर स्त्रियांची मिनिटे आणखी वाढतात (2019 मध्ये 315, 2024 मध्ये 305). पाच वर्षांत कमी झालेली ती दहा मिनिटे मिक्सरने, गॅसने किंवा नळाने वाचवली असतील. नवऱ्यांनी ती उचलल्याचे आकड्यांत दिसत नाही, कारण त्यांचीही मिनिटे घटलीच आहेत.

नवरा जास्त तास नोकरी करतो. मग बायकोने घर जास्त सांभाळले तर बिघडले कुठे?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2024 च्या पाहणीत 15 ते 59 वयोगटातील 75 टक्के पुरुष रोजगाराशी संबंधित कामात होते आणि स्त्रिया 25 टक्के. पगारी आणि बिनपगारी मिळून दोघांचे एकूण तास सारखे भरत असतील आणि दोघांनाही ती मांडणी मान्य असेल, तर बाहेरच्याने त्यात बोट घालू नये.

अडचण पुढे येते. नोकरीच्या तासांना वेतनवाढ, भविष्यनिर्वाह निधी, साप्ताहिक सुट्टी आणि निवृत्ती असते, तर घरकामाला यांतले काहीच नसते. रविवारी नवऱ्याच्या कामाला सुट्टी असते आणि त्याच रविवारी घरात जेवणाचा घाट मोठा असतो. साठाव्या वर्षी नवरा निवृत्त होतो, पण बायको सकाळचा चहा, नाश्ता आणि दोन वेळचा स्वयंपाक पूर्वीइतकाच करते. किंबहुना आता घरी एक माणूस दिवसभर जास्त असतो. म्हणून वाटणी न्याय्य आहे की नाही हे पाहताना आजच्या तासांबरोबरच पंचवीस वर्षांनंतर कोणाच्या हाती काय उरेल, हेही पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट. अर्थशास्त्राचे 2023 चे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, काही नोकऱ्या रात्री-अपरात्री उपलब्ध असणाऱ्याला तासाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त मोबदला देतात. असे असले की दोघांपैकी एकाने ती नोकरी पकडणे आणि दुसऱ्याने घराच्या हाकेला ओ देणे, हे हिशेबाने फायद्याचेच ठरते. हा निर्णय मूर्खपणाचा नसतो, पण तो जवळजवळ प्रत्येक घरात एकाच बाजूला झुकतो.

सांगितलेले सगळे करतो, तरी बायको चिडते. का?

बहुधा ‘सांगितलेले’ या शब्दामुळे.

दळणाचे उदाहरण घेऊ. गिरणीत जाऊन पिठाचा डबा घेऊन येणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि ते पुष्कळ नवरे करतात. परंतु डब्यातले पीठ तळाला गेल्याचे दिसणे, गहू निवडून ठेवणे, गिरणी कोणत्या वारी बंद असते हे ठाऊक असणे, ज्वारी आणि गहू वेगवेगळे द्यायचे हे बजावणे, पीठ आल्यावर ते निववून मगच डब्यात भरणे, ही सगळी कामे त्या पंधरा मिनिटांच्या मागे-पुढे उभी असतात आणि ती कोणाच्याही यादीत नसतात. हीच गोष्ट विरजणाची, गॅस सिलिंडरच्या नोंदणीची, लसीच्या तारखेची, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला येणाऱ्या ‘उद्या पिवळा टी-शर्ट’ या निरोपाची. पाहणीच्या अर्ध्या तासाच्या खान्यात हे बसत नाही, कारण ते भाजी चिरताना, लोकलमध्ये उभ्या उभ्या किंवा झोप लागण्यापूर्वी केले जाते.

‘मी तिला मदत करतो’ या वाक्यातली मेख हीच आहे. मदत करणारा माणूस कामाचा धनी नसतो. काम राहिले तर बोल त्याला लागत नाही, आणि केले तर कौतुक मात्र त्याचे होते. म्हणून सुटे तुकडे उचलण्यापेक्षा एखादे काम मुळापासून शेवटपर्यंत अंगावर घ्यावे. दळण घ्यायचे तर डब्याच्या तळापासून घ्यावे.

कामाला मावशी ठेवल्या की प्रश्न मिटतो ना?

धुण्याभांड्यांचा मिटतो. पोळ्या करणाऱ्या मावशी मिळाल्या तर सकाळचा एक तासही सुटतो. परंतु ‘आज येत नाही’ हा फोन कोणाच्या मोबाईलवर येतो, हे पाहिले की उरलेला प्रश्न कळतो. मावशींची सुट्टी, उचल, दिवाळीचा बोनस आणि त्या न आल्यास पर्यायी सोय, हा सगळा व्यवहार बहुतेक घरांत बायकोच पाहते.

शिवाय अशी सोय झाल्यावर वाटणी नवरा आणि बायको यांच्यात होत नाही, ती एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकते, आणि ही दुसरी बाई स्वतःच्या घरचे आटोपून आलेली असते. 1980 मध्ये पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढीसाठी आणि सुट्ट्यांसाठी संप केला. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो 2008 मध्ये. मावशींना आठवड्याची पगारी सुट्टी द्यावी की नाही, या चर्चेत नवऱ्याने भाग घेतला तरी घराच्या वाटणीत थोडी प्रगती झाली असे मानायला हरकत नाही.

लग्नानंतर दोन-तीन वर्षे सगळे बरोबरीने चालले होते. मूल झाल्यावरच का बिघडले?

कारण पहिल्या सहा महिन्यांत एक जण त्या कामात तरबेज होतो आणि दुसरा होत नाही, आणि ही तफावत पुढे आपोआप भरून निघत नाही.

याला कायद्याचाही हातभार आहे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली, आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. स्त्रियांच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. परंतु खासगी क्षेत्रातील बापाला रजा देण्याची सक्ती कोणत्याही केंद्रीय कायद्याने केलेली नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते; खासगी नोकरीत मालकाची मर्जी. एकीकडे 26 आठवडे आणि दुसरीकडे पंधरवडा किंवा तोही नाही, अशी सुरुवात झाल्यावर बाळ कोणत्या रडण्याला भुकेले असते आणि कोणत्या रडण्याला झोपाळलेले, हे एकालाच कळू लागते. मग ‘तुलाच जमते ते’ हे वाक्य येते. ते खरे असते, आणि तरीही त्याची सुरुवात रजेच्या अर्जापाशीच झालेली असते.

त्यात ही रजा जिथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू नाही तिथे संपूर्णपणे मालकाच्या खर्चाने असते. त्यामुळे मुलाखतीला आलेल्या तिशीतल्या विवाहित मुलीकडे मालक वेगळ्या नजरेने पाहतो. त्याच वयाचा विवाहित मुलगा मात्र त्याला ‘जबाबदार’ वाटतो. स्वीडनने 1974 मध्येच केवळ आईच्या रजेऐवजी दोघांची पालकत्व रजा आणली. आज तेथे एका मुलामागे 480 दिवस मिळतात आणि त्यांतले 90-90 दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात. ते दुसऱ्याला देता येत नाहीत, न घेतल्यास बुडतात. ही ‘बुडण्याची’ अट नसती तर बापांनी रजा आईलाच देऊन टाकली असती.

आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत एक उपाय हाती आहे. बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते, तेव्हा नवरा शनिवार-रविवार पाहुण्यासारखा येऊन जातो आणि महत्त्वाचे पहिले तीन महिने निसटतात. त्याने आपली अर्जित रजा साठवून, आई कामावर रुजू होते त्या आठवड्यापासून, सलग तीन-चार आठवडे बाळाबरोबर एकट्याने काढावेत. ‘एकट्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आजी शेजारच्या खोलीत असली तर ही रजा वाया गेली असे समजावे.

आजी-आजोबांनी नातवंडे सांभाळावीत का?

त्यांची इच्छा आणि प्रकृती असेल तर अवश्य, पण त्यांना विचारून. ‘तुम्हाला तरी काय काम असते’ असे म्हणणे म्हणजे विचारणे नव्हे. पासष्टीच्या बाईला तीन वर्षांच्या मुलामागे आठ तास धावायला लावले की सुनेच्या वाट्याचे काम सासूकडे गेले, इतकेच झाले. आजोबा बहुधा बागेत फिरवून आणतात.

सासूबाईंसमोर नवऱ्याने भांडी घासली तर घरात वादळ होते. काय करावे?

वादळ सुनेने अंगावर घेऊ नये. आईशी बोलण्याचे काम मुलाचे आहे, आणि हे कामही पुष्कळ घरांत बायकोकडेच सरकते. ‘आई, मला वाटते म्हणून मी करतो’ हे मुलाने एकदा स्पष्ट सांगितले, आणि पाहुणे असतानाही ताट स्वतः उचलले, तर दोन-तीन महिन्यांत त्याची चर्चा थांबते. सासूबाईंच्या बाजूनेही थोडा विचार करावा. ज्या बाईने चाळीस वर्षे हे काम कोणाच्याही मदतीशिवाय केले, तिला आपला मुलगा बायकोसाठी ओट्याशी उभा राहिलेला पाहून आनंदच व्हावा, अशी अपेक्षा करणे जरा जास्तच आहे.

बायकोला प्रत्येक काम तिच्याच पद्धतीने हवे असते. मग करायचे तरी कसे?

ही तक्रार अनेकदा खरी असते. कांदा जाड चिरला, मुलाला विजोड मोजे घातले, ओल्या फडक्याने ओटा पुसून ते तसेच ठेवले, म्हणून काम हिसकावून घेतले की पुढच्या वेळी समोरचा हात आखडता घेतो. काम दिले की पद्धतही दिली पाहिजे. मात्र फडके उन्हात न वाळवल्यास त्याला वास येतो, ही पद्धतीची गोष्ट नाही, कामाचाच तो भाग आहे. या दोहोंतला फरक दोघांनी मिळून ठरवावा. मुद्दाम वाईट काम करून सुटका करून घेणारे नवरेही असतात; त्यांनी हे उत्तर आपल्या बाजूचे समजू नये.

हे सगळे शहरी नोकरदारांचे झाले. शेतात आणि मजुरीत काय चित्र आहे?

तेथे प्रश्न जास्त तीव्र आहे, कारण बाईचे पगारी कामसुद्धा तिच्या नावावर लागत नाही. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे मजुरीचा हिशेब माणसागणिक होत नाही, ‘कोयत्या’गणिक होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून जी उचल मिळते ती जोडप्याच्या नावाने ठरते आणि नवऱ्याच्या हाती पडते. फडात नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. परंतु तिचा दिवस त्याआधीच सुरू झालेला असतो: पहाटे उठून पाणी भरायचे, चुलीवर भाकरी थापायच्या, मूल बरोबर असेल तर त्याची सोय लावायची. एक दिवस कामावर न जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणातही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण धक्कादायक असल्याचे उघड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती.

अशा घरात ‘नवऱ्याने भाकरी थापाव्यात’ एवढे सांगून भागत नाही. आधी कोयत्याचे दोन हिस्से होऊन बाईची मजुरी तिच्या हाती येणे आवश्यक आहे.

जमिनीबाबत असा प्रयत्न झालेला आहे. 1986 मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, आणि त्यानंतर काही वर्षांत संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून नवऱ्यांना आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वेच्छेने बायकोच्या नावे करण्याचे आवाहन केले. बायकोने आजवर केलेल्या कामाचे देणे फेडायचे, अशी त्यामागची मांडणी होती. एखादे कर्ज फेडावे तशा शब्दांत नवऱ्यांशी बोलणारी मोहीम मला तरी दुसरी आठवत नाही.

घरकामाला पगार द्यावा का?

नवऱ्याने बायकोला महिन्याला पगार द्यावा, ही सूचना अधूनमधून होते. तिच्यातली अडचण अशी की त्यामुळे नवरा मालक ठरतो आणि काम बायकोचेच राहते. सरकारने द्यावे हा दुसरा मार्ग. तामिळनाडूने सप्टेंबर 2023 पासून कुटुंबप्रमुख स्त्रियांना महिना 1,000 रुपये सुरू केले आणि त्या योजनेच्या नावातच ‘हक्क’ या अर्थाचा शब्द घातला. महाराष्ट्रातील लाडकी बहीण योजनेचे जुलै 2024 पासूनचे 1,500 रुपये घरकामाचा मोबदला म्हणून दिलेले नाहीत. नात्याच्या भाषेत दिलेली ती मदत आहे. दोन नावांतला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

मोल ठरवण्याचे काम खरे तर न्यायालयांनी केले आहे, पण दुर्दैवाने बाई गेल्यानंतर. 1989 मध्ये जमशेदपूर येथील एका समारंभात लागलेल्या आगीत मृत्युमुखी पडलेल्यांच्या नुकसानभरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला, तेव्हा गृहिणीच्या कामाचे मूल्य महिना 3,000 रुपये धरले गेले. 2010 मध्ये याच न्यायालयाने जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत ‘बिनकामाचे’ म्हणून बसवल्याबद्दल खेद व्यक्त केला. जानेवारी 2021 च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी 2011 च्या जनगणनेतला आकडा नोंदवला: घरकाम हेच मुख्य काम असलेल्या स्त्रिया सुमारे 15 कोटी 98 लाख, आणि पुरुष सुमारे 58 लाख. जिवंतपणी मोल करणारा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये दिला. नवरा परदेशात कमवत असताना घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमामुळेच ती मालमत्ता उभी राहिली, असे सांगून न्यायालयाने तिचा समान वाटा मान्य केला.

घरकाम न करणे हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते का?

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र वाचावेत. ऑक्टोबर 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने म्हटले की, विवाहितेला घरासाठी घरकाम करायला सांगितले म्हणजे तिला मोलकरणीसारखे वागवले असे होत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईच्या खंडपीठाने, बायको घरकाम करत नाही अशी तक्रार करणाऱ्या नवऱ्याचे अपील फेटाळताना, आजच्या काळात घराचा भार दोघांनी सारखाच उचलायला हवा असे सांगितले. दोन्ही निकालांचे प्रश्न वेगळे होते, त्यामुळे ते परस्परविरोधी आहेत असे म्हणता येणार नाही. तरीही घरोघरी सोयीचा तेवढा एकच निकाल सांगितला जातो.

नोकरी सोडलेल्या जोडीदाराचे हित कसे राखावे?

कागदावर नाव लावून. घराच्या करारनाम्यात, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर), जमत असेल तर सातबाऱ्यावर दोघांची नावे असावीत. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, मात्र ती खरेदीदार फक्त स्त्री असेल तरच. नवऱ्याबरोबर संयुक्त नावाने घेतले तर मिळत नाही. बायकोच्या नावे ठेव ठेवली तर तिच्यावरचे व्याज करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते, हेही ध्यानात असावे; पण केवळ कर वाचत नाही म्हणून ठेव न ठेवणे चूक आहे.

गोव्याच्या वाचकांना याबाबत एक पायरी पुढची मिळालेली आहे. तेथील नागरी कायद्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा असतो. आयुष्यभर एक पैसाही न कमावलेली गोव्यातील बायको घराच्या अर्ध्या भागाची मालकीण असते. सावंतवाडीतल्या तिच्या बहिणीला मात्र त्यासाठी नवऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

परदेशात गेल्यावर मराठी नवरे भांडी घासू लागतात, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, आणि कारण साधे आहे: तेथे मावशी परवडत नाहीत आणि आई येऊन-जाऊन असते. मात्र अमेरिकेत गेलेल्या अनेक जोडप्यांत उलटेही घडते. नवऱ्याच्या एच-1बी व्हिसावर अवलंबून गेलेल्या बायकोला एच-4 व्हिसावर काम करता येत नाही. 2015 पासून काही जणींना परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल तरच. पुण्यात बरोबरीने कमावणारी अभियंता मुलगी अशा रीतीने न्यू जर्सीत पूर्णवेळ गृहिणी होते, आणि हा निर्णय तिचा किंवा त्याचा नसून व्हिसाचा असतो.

सुरुवात कुठून करावी? तक्ता करावा का?

भिंतीवरचे तक्ते पहिला महिना टिकतात. त्यापेक्षा एका आठवड्यापुरते दोघांनी आपापल्या वहीत फक्त ‘लक्षात ठेवलेल्या’ गोष्टी लिहाव्यात, केलेल्या नव्हे. रविवारी वह्यांची अदलाबदल करावी. ज्याची वही रिकामी असेल त्याने तीन कामे निवडून ती तळापासून घ्यावीत, त्यांतले एक रोजचे असावे (सकाळचा डबा किंवा रात्रीची आवराआवर), एक मुलाचे आणि एक सणाचे. सणाचे मुद्दाम सांगितले आहे, कारण दिवाळीच्या आठ दिवस आधी चकलीची भाजणी करायला काढणे कोणाच्या डोक्यात येते, यावरून घराची वाटणी सर्वांत लवकर कळते. पहिल्या वर्षी चकल्या मऊ होतील. त्या तशाच पाहुण्यांपुढे ठेवाव्यात, आणि कोणी विचारले तर केलेल्या माणसाने उत्तर द्यावे.